मोठ्या हॉलमधला पेपर

कॉलेजात त्यांना सगळे ‘वाचनबाई’ म्हणत. डोकं तल्लख, पण छापील ओळ समोर आली की अक्षरं एकमेकांत गुंतायची, अशा मुलांना जिन्याखालच्या खोलीत बसवून बाई पुस्तकं वाचून दाखवत आणि परीक्षेला लेखनिक मिळवून देत. नवरा चेष्टेनं म्हणे, “हिचा खरा संसार जिन्याखाली.”

बेकरीवाल्याची मुलगी तिथं आली तेव्हा मान वर करायची नाही. शाळेत ‘मठ्ठ’ हेच तिचं नाव पडलं होतं. पण ऐकलेलं विसरेल तर शपथ! इतिहासावर बोलायला लागली की बाईंचा चहा गार व्हायचा. दुसऱ्या वर्षी लेखनिकाला सांगून पेपर दिला आणि पोरगी वर्गात पहिली आली. बाप तर रडलाच.

मग इतिहासाचे सर एकदा भर वर्गात म्हणाले, “वाचायचं बाईंनी, लिहायचं तिसऱ्यानं. पदवी तिघांत वाटायची का?” वर्ग खो-खो हसला.

ती तडक बाईंकडे आली. “शेवटचा पेपर मी मोठ्या हॉलमध्ये देणार. माझ्या हातानं.”

“अगं, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस.”

“एकदा तरी त्या पायावर उभं राहून बघू दे, बाई.”

बाई सरांशी कडकडून भांडल्या. “गंमत केली हो,” म्हणून त्यांनी हात झटकले. पोरगी मात्र हटली नाही.

पेपराला बाई हॉलच्या दारातून बघत राहिल्या. पहिल्याच प्रश्नावर बोट ठेवून ती ओठ हलवत होती. घंटा झाली तेव्हा जेमतेम दीड पान, तेही खाडाखोडीचं. नापास झाली.

फोन उचलेना, म्हणून बाई बेकरीत गेल्या.

“काय देऊ?” तिनं गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं.

“फेरपरीक्षा आहे गं. लेखनिक मी बघते.”

“नको बाई. तुमच्या खोलीत मी हुशार होते. बाहेर नाही.”

भट्टीजवळून बाप हळूच म्हणाला, “उगाच आशा लावलीत हो तिला.”

बाई तशाच परत फिरल्या.

तरी फेरपरीक्षेच्या दिवशी त्या लेखनिकाला घेऊन खोलीत बसल्या. पेपरची वेळ संपली. लेखनिक उठली. “जाऊ मी?”

“तिला जादा वेळ असतो,” बाई म्हणाल्या. “बस जरा.”

ती आली नाही. पुढंही कधी आली नाही.