शेगडीवरचा स्टिकर

ती दुपार मी अजून विसरलेलो नाही. मी तेव्हा भुसावळला पोलीस निरीक्षक होतो. रेल्वे कॉलनीतल्या एक अक्का दोन्ही हातांना पट्ट्या बांधून ठाण्यात आल्या. गॅसचा वास आला म्हणून त्यांनी शेगडीवरच्या स्टिकरचा क्यूआर कोड स्कॅन करून दुरुस्तीला माणूस बोलावला. त्याने नळी नीट बसवली नाही. संध्याकाळी भडका उडाला.

स्टिकरवर नाव होते शेगड्या दुरुस्त करणाऱ्या एका चाचांचे. तीस वर्षे याच धंद्यात असलेला कारागीर. मी त्यांना चौकशीला बोलावले.

"साहेब, मी कोणाला पाठवलंच नाही," एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

मला ते पटले नाही. आरोपी असेच बोलतात, हा माझा अनुभव. अटकेचे कागद तयार करायला सांगितले. तेवढ्यात, चाचांना ठाण्यात बोलावल्याचे ऐकून अक्कांच्या शेजाऱ्याचा फोन आला.

"साहेब, मी बठ्ठं, सगळं पाह्यलं शे. चाचाकडचे दोघं कारागीर मी ओळखतो. तो माणूस त्यांच्यातला नव्हता."

आमच्या महिला शिपाई माझ्या बाजूलाच उभ्या होत्या. ठाण्यातल्या चहाच्या शेगडीवरही चाचांचा जुना स्टिकर होता. शिपाई बाईंनी तो स्कॅन केला. थेट चाचांचा नंबर आला. मग अक्कांच्या स्टिकरचा फोटो स्कॅन केला. आधी एक वेबपान उघडले आणि त्यावर भलताच नंबर.

"सर, जुन्या कोडमध्ये नंबरच छापलाय, तो बदलत नाही," त्या म्हणाल्या. "नवीन कोड फक्त पानावर नेतो. त्या पानाचा पासवर्ड ज्याच्याकडे, तो मागून काहीही बदलू शकतो."

चाचांना विचारले. दुकान हलवायचे होते, पत्ता बदलला तरी स्टिकर तेच चालावेत म्हणून जळगावच्या छपाईवाल्याने नवा कोड सुचवला होता आणि पानही त्यानेच बनवले होते.

"आणि पासवर्ड?"

"तो काय असतो, साहेब?"

छपाईवाल्याला आणले. तासभर त्याने 'सिस्टिमची चूक' लावून धरली. मी आवाज चढवला नाही. अक्कांच्या हातांचे फोटो त्याच्यापुढे ठेवले आणि सांगितले, "या बाईंना अजून स्वतःच्या हाताने घास घेता येत नाही."

तो रडायला लागला. दुसऱ्या एका दुरुस्तीवाल्याच्या सांगण्यावरून त्यानेच पानावर त्याचा नंबर टाकला होता; अक्कांकडे गेलेला माणूस तोच दुरुस्तीवाला. त्या दोघांवर गुन्हा दाखल केला.

पंचांसमोर पानाचा पंचनामा झाल्यावर त्याचे खाते चाचांच्या नावावर करून घेतले, पासवर्ड बदलला, खरा नंबर टाकला. वरणगावपासून भडगावपर्यंत घराघरांत चिकटलेले स्टिकर तेवढ्याने दुरुस्त झाले. एकही खरवडावा लागला नाही.

छोट्या दुकानदारांना मी आता एवढेच सांगतो: नंबर कायमचा असेल तर न बदलणारा कोड घ्या. माहिती बदलणार असेल तर बदलता येणारा घ्या, पण खाते स्वतःच्या नावावर ठेवा.

माझा धडा वेगळा होता. स्टिकरवरचे नाव वाचून मी आरोपी ठरवून मोकळा झालो होतो. शेजाऱ्याने फोन केला नसता, शिपाई बाई बोलल्या नसत्या, तर एका सरळ माणसाची अब्रू माझ्या सहीने गेली असती. मी चाचांची माफी मागितली.

ते म्हणाले, "साहेब, तुम्ही ऐकून घेतलंत, तेवढं पुरे."

खरे तर मी ऐकले नव्हते. मला ऐकायला लावले होते. त्या शेजाऱ्याचे आणि शिपाई बाईंचे उपकार मी आजही मानतो.