हातावरचा काटा

पिंपरी पेंढारमध्ये आमच्या विहिरींच्या मोटारी दुरुस्त करणारा एक माणूस आहे. बोलताना तो तोंडाकडे बघत नाही, समोरच्याच्या हाताकडे बघतो, मनगटापासून कोपरापर्यंत. मला ते मुळीच आवडत नसे. मी बाह्या खाली ओढून बसायचो.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो. एकदा चहा पिताना त्याला सांगितलं, अंगावर काटा येणं ही फार जुनी खोड आहे. जनावरं घाबरली की केस फुलवून मोठी दिसतात. आपले केस गेले, पण कातडी अजून विसरलेली नाही.

"आता त्याचा उपयोग शून्य," मी म्हणालो.

"आसंल," म्हणून त्याने पाना पुसला.

परवा भर दुपारी तो माझी मोटार खोलत होता. उकाड्याने बाह्या दुमडून मी उसाकडे पाठ करून बसलो होतो आणि शाळेतली एक गंमत सांगत होतो. मध्येच तो उठला आणि त्याने खाली अंथरलेलं गोणपाट दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरलं.

"सर, सावकाश उठा. माझ्याकडं या. मागं बघू नका."

मागे ऊस सळसळला. वारा नव्हता.

नंतर पाहिलं, तर माझ्या जागेपासून चार पावलांवर ओल्या मातीत बिबट्याचे ताजे ठसे होते.

"भाऊ, तुम्हाला दिसला कसा?"

"मला कुठं दिसला? तुमी हसत व्हता सर, अन् तुमच्या हातावर काटा उभा व्हता."