वाघदेवाची धार

करणसिंगला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. मोहाची फुलं मटक्यात भिजत घातली की त्याचे पाय घरात टिकत नसत. ओढ्यापर्यंत जायचा, परत यायचा. मटक्याला कान लावायचा. आत फुलं आंबत असली की मटका बोलतो, अगदी हळू, झोपेत कुणी पुटपुटावं तसा. तो गप्प झाला की भट्टी लावायची. वाट बघणं एवढंच काम असायचं आणि करणसिंगला तेवढंच जड जायचं. बाप हयात होता तेव्हा ओरडायचा, "झाकण उघडू नको रे! तू बघितलंस म्हणून ती लवकर होणार आहे का?"

पाडा धडगावच्या वर, घाटाच्या एका वळणाखाली. एका टेकडीवर एक घर, दुसऱ्या टेकडीवर दुसरं. करणसिंग पावराचं घर ओढ्याला सगळ्यांत जवळ. दारू गाळायला गार पाणी लागतं, म्हणून आज्यानं ते तिथं बांधलं. चैत्रात करणसिंग आणि रमिलाबाई झाडाखाली फुलं वेचत. अंगणात वाळवत. पावसाळाभर ती कोरडी ठेवणं हे रमिलाबाईचं काम. आंबवणं, गाळणं त्याचं.

मोह काय, पाड्यातली बरीच घरं गाळायची. पण वाघदेवाला चढायची ती याच घरची. वाघबारसेला सगळा पाडा शिवेवर जमतो. तिथे सागाचा खांब आहे, त्यावर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेले. पुजारा खांबापुढे दारूची धार सोडतो. पहिला डोणा मग गाळणाऱ्यानं प्यायचा. पळसाच्या पानाचा डोणा, सगळ्यांसमोर, उभं राहून. यात काही खोट असेल तर आधी मला लागू दे, एवढाच त्याचा अर्थ. त्यानंतर पाडा पितो. दुपारभर पितो. गुरांची भांडणं, सोयरिकी, कुणाची बाई रुसून माहेरी गेली, सगळं त्या दुपारी निघतं आणि मिटतं. रिकामा मटका रमिलाबाई एका हातात झुलवत घरी आणायची.

गेल्या वाघबारसेला तो तिला डोक्यावर आणावा लागला. अर्धा भरलेला होता.

कुणी नको म्हटलं नव्हतं. प्रत्येकानं एक डोणा घेतला, ओठाला लावला. मग पोरं एकेक करून पवनच्या जीपमागे सरकली. पवन हा करणसिंगच्या भावाचा मुलगा. धडगाव ते पाडा जीप चालवतो. जीपमागे बिअरची खोकी होती आणि क्वार्टरच्या बाटल्या. थोड्या वेळानं तिकडून हसण्याचा आवाज यायला लागला. खांबाजवळ तीन-चार म्हातारे उरले. करणसिंग डोण्यानं मटक्यातली दारू ढवळत उभा होता, जणू ढवळली तर ती कमी होणार होती.

या वर्षी पाऊस उघडल्यावर भीमसिंग कारभारी घरी आला. पाड्याच्या पूजेची वर्गणी तोच गोळा करतो. खाटेवर बसला. करणसिंग उभाच.

"बस की रे."

"बोल तू."

"पोरं म्हणतात, देवाला या वर्षी बाटली चढवू."

करणसिंग ओढ्याकडे बघत राहिला. चुलीपाशी रमिलाबाईचा हात थांबला.

"देव बाटली पितो?" तिनं विचारलं.

"देव काय पितो ते तुला माहीत नाही, मला माहीत नाही," भीमसिंग म्हणाला. "माणसं काय पितात ते माहीत आहे. देवाला चढवायची आणि आपण तोंड वाकडं करायचं, हे बरं दिसतं का? मटका अर्धा परत आला, वहिनी. देवाचा उष्टा मटका."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. उरलेली दारू त्या दोघा नवराबायकोनं दिवाळीनंतरही पुरवून पुरवून प्यायली होती.

"एक वर्ष दे," करणसिंग म्हणाला.

"दिलं. पण मटका रिकामा झाला पाहिजे. नाही झाला तर पुढच्या वर्षापासून बाटली. मग मला बोल लावायचा नाही."

भीमसिंग गेला. त्या दिवसापासून करणसिंगची झोप गेली म्हणायला हरकत नाही. तो रस्त्यावर जाऊन पवनची जीप यायची वाट बघू लागला. जीप आली की टपावरची गोणी उतरवायला हात लावायचा, काहीतरी विचारायचं असल्यासारखा घुटमळायचा आणि परत फिरायचा. शेवटी पवननंच विचारलं.

"काका, काय पाहिजे? सीट पाहिजे का?"

"माझ्या दारूत काय वाईट आहे?"

पवन हसला. मग काका हसत नाही हे पाहून सीटवर सरळ बसला.

"वाईट काही नाही. चांगली आहे. पण काका, ती चढायला वेळ लावते. आम्ही पोरं हंगामाला तिकडे बारडोलीला ऊस तोडायला जातो. दिवसभर वाकून पाठ मोडलेली असते. प्लास्टिकच्या पिशवीतली दारू मिळते, पोटली, ती तोंडाला लावली की खेळ खल्लास, माणूस आडवा. तुझी प्यायची तर आधी बसायला पाहिजे, बोलायला पाहिजे. एवढं कोण बसतं?"

"आणि इथं? इथं तर ऊस नाही."

"सवय लागली ना." पवननं सीटखालून क्वार्टर काढली. "घे. बघ तरी."

करणसिंगनं घोट घेतला. घसा सोलत खाली गेली. कानामागे काहीतरी धाडकन वाजलं. दुसरा घोट त्यानं घेतला नाही. पण घरी जाताना त्याला राहून राहून वाटत राहिलं, पोरांना हवं ते हे आहे. हे धाडकन.

पुढच्या बाजारी तो धडगावला गेला. मीठ घेतलं, मिरच्या घेतल्या. किराणावाला शहाद्याकडचा, ओळखीचा. करणसिंग दुकानातून पायरीवर आणि पायरीवरून दुकानात करत राहिला.

"काय भो, आज चाकं लायेल शेत का पायले?" दुकानदार म्हणाला.

करणसिंगनं आवाज खाली आणून विचारलं. दुकानदारानं आवाज अजिबात खाली आणला नाही.

"नवसागर? शे ना! आते समदा तेच टाकतस. त्यान्याबिगर कोण पेस तुमनी दारू?"

कागदात बांधलेली पुडी घेऊन करणसिंग जीपमध्ये बसला. वळणावळणांवर हात खिशावर. दारू जहाल व्हावी म्हणून ते खडे टाकणारी माणसं त्यानं पाहिली होती. बाप अशा माणसांच्या घरी पाणीसुद्धा पीत नव्हता.

रमिलाबाई शेतात असताना त्यानं ते आंबत घातलेल्या मटक्यात टाकलं. लगेच काही झालं नाही. संध्याकाळी कान लावला. मटका बोलत नव्हता, फसफसत होता. भरभर, वर वर, भांडायला उठल्यासारखा. त्यानं कान काढून घेतला. थोड्या वेळानं पुन्हा लावला. रमिलाबाईनं पाटी उतरवली आणि नाक मुरडलं.

"कसला वास हा? बाजारात कल्हईवाला बसतो ना, तसा."

"मला नाही येत."

"तुला नाही येत?" ती मटक्यापाशी गेली, वाकली, सरळ झाली. काय ते तिला कळलं. तिनं आरडाओरडा केला नाही. पाटीतली भाजी निवडायला बसली. निवडता निवडता म्हणाली, "पहिला डोणा तुलाच प्यायचा आहे. आठवण आहे ना?"

"आहे."

"बस मग."

पण तो बसला नाही. फेकून द्यावी असं त्याला एकदा वाटलं. फुलं घरात थोडीच उरली होती, नव्यानं आंबवायला वेळ नव्हता. तसं त्यानं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्याला मटका रिकामा झालेला बघायचा होता.

त्यानं भट्टी लावली, गाळली. धार स्वच्छ पडली, दिसायला नेहमीसारखीच. त्यानं चाखली नाही.

वाघबारसेला सकाळी ऊन वर येताच पाडा शिवेवर जमला. गुरांना गेरूचे ठसे मारलेले. खांबाला शेंदूर. कोंबडे टोपलीखाली ओरडत होते. पवनची जीप थोडी अलीकडे, झाडाखाली उभी होती आणि तिच्या मागच्या बाजूला ताडपत्री टाकलेली होती. ताडपत्रीखाली काय ते सगळ्यांना माहीत होतं.

नवलसिंग पुजारा आता फार थकला आहे. डोळ्यांना अंधूक दिसतं. नातवानं धरून आणलं, खांबापुढे बसवलं. त्यानं गाईगुरांची, वाटेची, रानात जाणाऱ्या माणसांची नावं घेतली. वाघदेवाला सांगितलं, तुझं तुला, आमचं आम्हाला. मग धार सोडली. माती ओली झाली. पुजाऱ्यानं डोणा भरला आणि हवेतच पुढे केला.

करणसिंगनं घेतला. सगळे बघत होते. रमिलाबाई बघत नव्हती.

एका दमात प्यायला. घसा सोलला. कानामागे धाडकन झालं. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं बाहीनं पुसलं.

"काय काका, रडतो काय?" कुणीतरी म्हणालं. हशा झाला.

मग डोणे फिरले. पवननं रीत म्हणून घोट घेतला आणि तोंड पुसता पुसता थांबला.

"अरे!" तो म्हणाला. "काका! हे काय केलंस?"

करणसिंगनं रिकामा डोणा मुठीत चुरगळला.

"एक नंबर!" पवन ओरडला. "अरे इकडे या रे! काकाची बघा, इंजिन आहे इंजिन!"

पोरं आली. ज्यांनी गेल्या वर्षी ओठ ओले केले होते त्यांनी दुसरा डोणा मागितला, तिसरा मागितला. जीपची ताडपत्री कुणी उचलली नाही. कोंबडे शिजायच्या आत मटक्याचा तळ दिसू लागला. दोघं जण झाडाखाली आडवे झाले. गुरांचं भांडण कुणी काढलं नाही, सोयरिकीचं कुणी बोललं नाही. तेवढा वेळच झाला नाही. भीमसिंगनं मटका उलटा करून दाखवला, थेंबसुद्धा पडला नाही.

"जिंकलास," तो म्हणाला. "मी शब्दाचा पक्का आहे. पुढच्या वर्षी तुझीच."

"पुढच्या वर्षी कशाला?" पवन म्हणाला. "काका, लग्नसराईला असाच माल काढ. मी जीपमधून अक्कलकुव्यापर्यंत पोचवतो. लोक नाव काढतील तुझं."

करणसिंग मान हलवत होता. पाठीवर हात पडत होते. इतक्या वर्षांत त्याच्या दारूला असं कुणी नावाजलं नव्हतं. बापाच्या वेळेलाही नाही. तेव्हा लोक नुसते बसून राहायचे.

नवलसिंग पुजाऱ्याच्या हातात त्याचा डोणा तसाच होता. एक घोट तेवढा कमी झालेला. त्यानं मान वळवली.

"करणसिंग कुठे आहे?"

"इथंच आहे, बाबा."

"ही बाटली झाली. तुझी आण आता."

पोरं खो खो हसली. "बाबा, हीच त्याची! मटक्यातली!"

"ही?" म्हाताऱ्यानं डोणा नाकाशी नेला. पुन्हा एक घोट घेतला, जिभेवर धरला, गिळला. चेहऱ्यावर काहीतरी गोंधळल्यासारखं झालं. घाबरल्यासारखंही. "ही तुझी? मग माझी जीभ गेली. डोळे गेले, आता जीभ गेली." तो नातवाला चाचपू लागला. "पुढच्या साली दुसरा कुणी बसवा रे खांबापुढे. काय सोडतोय तेच मला कळलं नाही."

करणसिंग दोन पावलं मागे गेला, दोन पुढे आला. रमिलाबाई आता त्याच्याकडेच बघत होती.

"जीभ ठीक आहे तुझी, बाबा," तो म्हणाला. "मी नवसागर टाकला त्यात."

त्याला वाटलं होतं, आता सगळं थांबेल. भीमसिंग उठेल. कुणी खांबाकडे बोट दाखवेल. देवाची धार बाटवली म्हणून दंड लागेल, पाड्यात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. तो तसा उभा राहिला, हात बाजूला सोडून.

"मग?" पवन म्हणाला.

"मग काय?"

"मग काय झालं? सगळे टाकतात. थोडा जास्त टाकला असतास तरी चाललं असतं."

पुन्हा हशा झाला. भीमसिंगसुद्धा हसला. "देवानं काही तक्रार केली का?" तो म्हणाला. "संपली ना? मग झालं."

झाडाखालच्या एकानं कूस बदलली. कुणीतरी कोंबड्याच्या पातेल्यात मीठ टाकलं. एवढंच. करणसिंग एकेकाच्या तोंडाकडे बघत गेला. कुणाच्याच तोंडावर काही नव्हतं. राग असता तर तो सोसायला तयार होता.

"भीमसिंग," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी बाटली आण."

"येडा झाला का? मटका रिकामा झाला आज!"

"झाला म्हणूनच."

"अरे पण पाड्यानं तुला—"

"बाटलीच आण. बाटलीवर तिचं नाव तरी असतं."

भीमसिंगनं खांदे उडवले. पवन काहीतरी बोलायला गेला, मग जेवायला हाक आली तशी सगळी उठली. रमिलाबाईनं रिकामा मटका उचलून काखेत घेतला.

पुजारा खांबापाशीच होता. नातू पातेल्याकडे गेला होता. करणसिंगनं वाकून म्हाताऱ्याला उठवलं आणि त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला. दोघं उतारानं निघाले. म्हातारा हळू चालत होता. करणसिंगला आयुष्यात पहिल्यांदा इतकं हळू चालावं लागलं.

"घरी आहे का जुनी थोडी?" म्हाताऱ्यानं विचारलं. "गेल्या सालची?"

"संपली, बाबा."

"फुलं?"

"मूठभर असतील."

पायाखालचा दगड म्हाताऱ्यानं काठीनं चाचपला, ओलांडला.

"मग चहा तरी पाज," तो म्हणाला.