साक्ष द्यायची घाई

"लीनाबाई, गाठ कॅन्सरची आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि बायोप्सीचा रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. बायोप्सी म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासतात ती. रिपोर्टवर लिहिलं होतं, इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा. म्हणजे स्तनातल्या दुधाच्या नळीत सुरू होऊन नळीबाहेर आलेला कॅन्सर. आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला सांगू? वांग्यांना पाणी घालायचं राहिलंय. माणूस असाच असतो.

मी गोराईची. आमची वाडी आहे, भाजी पिकवतो, बोटीने खाडीपलीकडे नेऊन बोरिवलीत विकतो. म्हणजे मी आणि माझी धाकटी जाऊ फिलोमिना. फिलूचं आणि माझं घर भिंतीला भिंत लागून.

सहा केमो झाले. केमो म्हणजे शिरेतून सोडतात ते औषध. मग ऑपरेशन, मग रेडिएशन, म्हणजे किरणांचा शेक. सोपं काही नव्हतं. तोंडात फोड, भाताचा वास आला तरी उलटी. बादली फिलू धरायची. केस गळायला लागले तेव्हा तिनेच माझं डोकं भादरलं आणि म्हणाली, "आता कशी अगदी आपल्या सासऱ्यासारखी दिसतेस!" हसून हसून माझं पोट दुखलं. रोज संध्याकाळी ती माझ्या खाटेशी बसून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची. मी झोपले तरी तिची चालूच.

बरी झाले. येसूचे उपकार, आणि त्या डॉक्टरीणबाईंचेही. दोन्ही नावं मी एका दमात घेते. तेव्हा घेतली नाहीत, रडायचं कारण तेच आहे.

बोरिवलीत एका हॉलमध्ये महिन्यातून एकदा प्रार्थनासभा व्हायची. कोणाला देवाने काय दिलं ते लोक माइकवर सांगायचे. त्याला साक्ष म्हणतात. सभा चालवणारे ब्रदर माझ्याकडे आले. "लीनाताई, पाच मिनिटं बोला. हॉस्पिटलचं जास्त नको. लोकांना देवाचा महिमा ऐकायचा असतो."

मी हॉस्पिटल गाळलं. सहा केमो, ऑपरेशन, किरणं, बादली, सगळं. म्हटलं, गाठ होती, हात ठेवून प्रार्थना झाली, आज गाठ नाही. एक शब्द खोटा नव्हता हो! हॉल टाळ्यांनी दणाणला. बायका माझे हात डोळ्यांना लावत होत्या. मला फार गोड वाटलं. आयुष्यभर भाजी विकली, माझं बोलणं इतकं चिडीचूप होऊन कोणी ऐकलं नव्हतं.

फिलू पहिल्या रांगेत होती. तिच्याही छातीत तेव्हा गाठ आली होती. हे तिने मला सांगितलं नाही, ब्रदरना सांगितलं.

आमच्या सभेत एक पद्धत होती. विश्वास खरा असेल तर बरं व्हायच्या आधीच साक्ष द्यायची. बरं वाटलं म्हणून कोणीही बोलेल, आधी बोलेल तो खरा. तीन महिन्यांनी फिलू माइकवर आली. म्हणाली, "मला गाठ होती. येसूने काढली. जशी माझ्या लीनाताईची काढली." मी उठून टाळ्या वाजवल्या. घरी येताना बोटीत तिला विचारलंसुद्धा नाही, अगं फिलू, गाठ कसली, दाखवलीस का कोणाला? माझ्या साक्षीने माणूस बरं झालं, या आनंदात मी तरंगत होते. मूर्ख बाई!

पुढे ती दुपारच्याही आंघोळी करायला लागली. पावडर थापायची. उकाडा आहे म्हणायची. एकदा आम्ही दोघी भाजी निवडत होतो आणि मला वास आला. नासलेल्या मांसाचा. मी तिचा हात धरून आत नेलं, ब्लाऊज काढायला लावला. आत फडकी कोंबली होती. फडकी सोडवली. पुढचं लिहीत नाही. फंगेटिंग वूंड म्हणतात त्याला, म्हणजे गाठ कातडी फोडून बाहेर आलेली जखम.

"अगं बये, बोलली का नाहीस?"

"साक्ष दिली होती ना, ताई. सगळ्यांसमोर. आता डॉक्टरकडे गेले तर येसूला खोटं पाडल्यासारखं होईल."

मी ऐकलं नाही, तिला हॉस्पिटलात नेलं. त्याच डॉक्टरीणबाई. फिलूला तपासलं, मग माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही आमच्याच पेशंट ना? तुम्हाला तर सगळं माहीत होतं. तुमच्या घरात असं कसं झालं?"

फिलूच बोलली, "ताईची चूक नाही हो. तिनेच तर मला विश्वास दिला." ती मनापासून म्हणाली. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

मेटास्टॅसिस, म्हणजे पसरलेला. हाडांत, यकृतात. "आता उपचार दुखणं कमी करण्यासाठी, बरं करण्यासाठी नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दुखणंही फारसं कमी झालं नाही. मॉर्फिनच्या गोळ्या होत्या, म्हणजे कडक वेदनाशामक. त्यांची वेळ व्हायच्या आधीच ती उशी चावायची. माझ्याकडे बघून विचारायची, "ताई, माझा विश्वास कुठे कमी पडला गं?" रोज विचारायची. मी म्हणायचे, कमी नाही पडला. पण तिने माझी साक्ष ऐकली होती. आता खाटेशी बसून मी काय सांगते त्यावर ती कशाला विश्वास ठेवील? शेवटी पाठीच्या हाडाने दगा दिला, पाय गेले, आणि पंधरवड्यात ती गेली.

चर्चमध्ये तिच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना, मिस्सा, झाली. मग हॉलवरची सभा आली. ब्रदर म्हणाले, "लीनाताई, फिलूबद्दल दोन शब्द बोला. किती शांतपणे गेली, लोकांना धीर येईल."

मी माइक घेतला. "फिलू शांतपणे गेली नाही. ओरडत गेली. मी सहा केमो घेतले होते आणि तुम्हाला सांगितले नव्हते. येसूने मला हॉस्पिटलच्या हातून बरं केलं आणि मी तो हात लपवला." एवढ्यात गायकांनी गाणं सुरू केलं, माइक बंद झाला. मी तशीच बोलत राहिले. टाळी एकही नाही. मागून कोणीतरी म्हणालं, सैतान शिरलाय.

बाहेर चपला घालताना एक बाई जवळ आली. तिशीची असेल, निळी ओढणी. हळूच म्हणाली, "मला पण आहे. पण मी मागच्या महिन्यात साक्ष दिली."

म्हटलं, "मी पण दिली होती. उद्या सकाळी सातला बोरिवली स्टेशनवर तिकीट खिडकीपाशी ये. मी सोबत येते." तेवढ्यात तिच्या सासूने हाक मारली आणि ती गेली.

मी साडेदहापर्यंत थांबले. दुसऱ्या दिवशीही गेले. ती आली नाही.

हे सगळं त्या बाईसाठी लिहिलंय. बाय, तुझं नाव विचारायचं राहून गेलं. मी अजून रोज मिस्सेला जाते, माझा देव कुठे गेलेला नाही. तू खोटी ठरलीस तर ठरू दे, तो रागावत नाही. गाठ दाखव. आजच दाखव.