सासूबाईंची कवळी आणि गाडीची हिरडी

गल्लीत त्यांना सगळे कवळीवालेच म्हणत. निम्म्या म्हाताऱ्या माणसांचं हसू त्यांच्याच टेबलावर घडलेलं. तोंडाचा ठसा घ्यायचा, मेणात दात लावून बघायचे, घासूनपुसून लख्ख करायचे आणि हातात देताना म्हणायचं, "देवाने दिले होते त्यांची सर नाही, पण सांभाळून घ्या." लोक सांभाळून घेत. तक्रार अशी कधी आली नाही. आली ती घरातूनच.

माणूस साधा, शौक एकच. गाडी. हत्तीएवढी मोठी, आणि तिला परातीएवढी चकचकीत चाकं. त्या चाकांभोवती रबर नावापुरतं, पातेल्याला फडकं गुंडाळावं इतकंच. रोज सकाळी ते चाकं पुसायचे आणि त्यातच बघून मिशी नीट करायचे.

"अहो, घरात आरसा आहे," बायको म्हणायची.

"त्यात मिशी बारीक दिसते."

दर रविवारी सासूबाईंना त्यांच्या थोरल्या बहिणीकडे सोडायचं काम कवळीवाल्यांचं. थोरलीचे सगळे दात शाबूत, आणि ते दाखवायची एकही संधी ती सोडत नसे. म्हणून धाकटीने, म्हणजे सासूबाईंनी, जावयाकडून नवी कवळी करून घेतली. घरी शेंगदाणे फोडून पाहिले. पक्की बसली होती. पण बहिणीच्या घराआधीचा रस्ता पाइपासाठी खणून ठेवलेला. गाडी पहिल्या खड्ड्यात आपटली आणि वरची कवळी उडून थेट मांडीवर आली.

"जावईबापू, तुमचे दात पडले."

"माझे नाहीत आई, तुमचे."

"केलेत कुणी? तुम्ही. म्हणजे तुमचेच."

कवळी परत बसवायच्या आत थोरलीने दार उघडलं. बहिणीचं बसलेलं तोंड पाहून ती म्हणाली, "जावयाने केली ना? घरच्या कामाचं असंच असतं."

झालं. बोलणं गल्लीभर पसरलं. ज्यांच्या कवळ्या वर्षानुवर्षं नीट बसल्या होत्या, तेही जिभेने हलवून बघू लागले. एक आजोबा तर काही झालेलं नसताना तपासून घ्यायला येऊन बसले. हातचं गिऱ्हाईक जातंय की काय, अशी धास्ती कवळीवाल्यांना पडली.

त्यांनी नवा ठसा घेतला. कवळी पुन्हा घासली, पुन्हा बसवली. घरात सासूबाई जोरजोरात शिंकल्या तरी ती ढिम्म हलेना. रविवारी खड्डा आला आणि ती परत मांडीवर.

"अहो," बायको म्हणाली, "घरात पडत नाही, गाडीतच पडते. मग खोट कशात आहे?"

कवळीवाल्यांना ऐकू आलं नाही. ऐकू येऊन चालणारच नव्हतं. गाडीला नावं ठेवावीत तर जीव तुटतो, कवळीला ठेवावीत तर पोट जातं. त्यांनी मधली वाट काढून पाहिली.

"आई, गाडीत जरा तोंड मिटून बसाल का?"

"तोंडच मिटायचं असतं तर दात कशाला केले असते?"

एके सकाळी चाक पुसता पुसता त्यांचा हात थांबला. इतकी वर्षं मिशीच बघत होते, आज चाक दिसलं. एवढा थोरला धातूचा दात आणि त्याला एवढीशी रबराची हिरडी. असं तोंड घेऊन कुणी आलं असतं तर त्यांनी देवाचंच नाव घेतलं असतं. ते तसेच टायरवाल्याकडे गेले.

"चाकं लहान करायची आहेत."

टायरवाला हसला. "साहेब, लोक लहानाची मोठी करून घेतात."

"मला हिरडी वाढवायची आहे."

टायरवाल्याने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग समजल्यासारखं करून त्याने लहान चाक ब्रेकला घासत नाही ना ते तपासलं आणि त्यावर उंच, गुबगुबीत टायर चढवले. "एकूण उंची तीच ठेवली आहे, म्हणजे वेगाचा काटा खोटं बोलणार नाही."

घरी येताच शेजाऱ्याने विचारलं, "धुतल्यावर आटली का हो चाकं?" कवळीवाले सवयीने चाकापाशी वाकले. आता मिशीला आरसाही उरला नव्हता.

रविवारी सासूबाई मांडीवर रुमाल पसरूनच बसल्या. खड्डा आला. गाडी गादीवर बसल्यासारखी खाली गेली आणि अलगद वर आली. रुमाल रिकामा.

"आई, कवळी?"

"आहे की तोंडात."

"मग म्हणा ना, चांगली केली आहे."

सासूबाईंनी विचार केला. "कवळी तर तीच आहे. बदललं काय? चाकं. मग दात बसवले कुणी?"

आणि थोरलीच्या दारात सगळे दात दाखवून त्या म्हणाल्या, "टायरवाल्याने बसवून दिले."

थोरलीला ही गोष्ट पोटात ठेवणं कसं जमावं? चार दिवसांत एक आजोबा रुमालात कवळी गुंडाळून टायरच्या दुकानात हजर झाले. टायरवाल्याने त्यांना कवळीवाल्यांकडे पाठवलं आणि सोबत निरोप दिला, "दात तुमचे, गाडी माझी. गिऱ्हाईक वाटून घेऊ."

तेव्हापासून गिऱ्हाइकाने तोंड उघडलं, की कवळीवाले म्हणतात, "मिटा जरा, आलोच." बाहेर जाऊन त्याच्या गाडीपाशी उकिडवे बसतात आणि अंगठ्याने टायर दाबून बघतात. कुणी चालत आलं असेल, तर चपला उलट्या करून.