उंबऱ्यावर अडलेलं वाक्य

ही घटना मला मुद्दाम आठवावी लागत नाही. एखादी जुनी गाडी खड्ड्यातून जाताना पुढच्या चाकापाशी ‘खट्’ असा आवाज करते, आणि रामनगरच्या पुलावरची ती सकाळ पुन्हा समोर उभी राहते.

मी उत्तर प्रदेश पोलिसात होतो. वडील रेल्वेत, त्यामुळे वाढलो झाशीत. घरात मराठी आणि बाहेर सगळी हिंदी. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत माझ्याकडे काशीसमोरच्या, गंगेपलीकडच्या रामनगरचं ठाणं आलं. एका सकाळी हजेरी आटोपून मी रोजनामचा वाचत होतो, तेवढ्यात फोन आला की पुलावर एक जुनी पांढरी गाडी कठड्याला धडकली आहे आणि आतल्या एक बाई गंभीर जखमी आहेत.

आम्ही पोचलो तेव्हा बाई गेल्या होत्या. त्या ड्रायव्हरशेजारच्या सीटवर होत्या; त्यांच्या पायाशी पितळी कलश आडवा पडला होता आणि त्यातलं पाणी चटईवर सांडलं होतं. त्यांचे पती मागच्या सीटवर बसलेले असल्यामुळे वाचले होते. ते काशीतल्या पंचगंगा घाटाजवळच्या गल्लीत राहणारे मराठी गुरुजी. रामनगरमध्ये एकाच्या नव्या घराची वास्तुशांत होती, तिकडे दोघं निघाले होते. ड्रायव्हर पंचावन्नच्या आसपासचा, गुरुजींकडे वीस वर्षांहून जास्त काळ होता. त्याच्या कपाळातून रक्त येत होतं, पण ते पुसायचं भान त्याला नव्हतं.

ठाण्यात गुरुजींनी मला मराठीत सांगितलं, “साहेब, मी डोळे मिटून जप करत होतो. एकदम गाडी उडाली. पुढचं मला काही ठाऊक नाही.”

कामावर असताना मराठी कानावर पडायचे प्रसंग मला फार कमी आले. समोर वडिलांच्या वयाचा माणूस, नुकतीच पत्नी गेलेली, आणि तो माझ्या घरातल्या भाषेत बोलतोय. मी विरघळलो. त्यांची तक्रार मीच हिंदीत सांगितली आणि दीवानजींनी, म्हणजे आमच्या ठाण्याच्या मुन्शी हवालदारांनी, ती लिहून घेतली. त्यात अपघाताच्या प्रत्येक गुन्ह्यात असतं तेच वाक्य मी घातलं, की चालकाने गाडी ‘तेज़ी व लापरवाही से’ चालवली. गुरुजी ‘तेज़ी’ म्हणाले नव्हते. तो शब्द माझा होता.

मग ड्रायव्हरला बोलावलं. तो उभा राहिला आणि म्हणाला, “साहब, ऊ बाएँ का चक्का...”

मी हात वर केला. “जितना पूछा जाए, उतना बोलो.”

त्यानंतर तो जे मिटला ते मिटलाच. किती वेगात होतास? गप्प. फोनवर बोलत होतास का? गप्प. शेवटी एवढंच म्हणाला, “गलती हमार है. लिख लीजिए.”

मी लिहून घेतलं. गुन्हा जामिनाचा होता, पण त्याने जामीनदारच आणला नाही. भाऊ आला तर त्यालाही परत पाठवलं. कोर्टाने त्याची रवानगी जिल्हा कारागृहात केली. शिक्षा झाली असती तर लायसन्स गेलं असतं, आणि गाडी हाकण्याशिवाय दुसरं काही त्याला येत नव्हतं. पण आरोपी स्वतःच कबूल म्हटल्यावर तपास अधिकाऱ्याच्या मनावरचं ओझं उतरतं. माझंही उतरलं होतं, आणि ते इतक्या सहज उतरलं याची आज लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी एक निनावी फोन आला, की ड्रायव्हर प्यायलेला होता. वैद्यकीय तपासणीत तसं काही निघालं नाही. अपघातानंतर असे सर्वज्ञ फोन येतातच. खरी खबर आली ती पुलाच्या तोंडाशी केळ्यांची गाडी लावणाऱ्याकडून. माझ्या शिपायाला केळी देता देता तो सहज बोलून गेला, “कौन तेज चलाता था? पीछे सब हॉर्न मार रहे थे. ऐसे ला रहा था जैसे सिर पर घड़ा रखा हो.”

मी त्याला बोलावून घेतलं. त्याने तेच सांगितलं, सही केली आणि वर मलाच विचारलं, की इतक्या हळू चाललेली गाडी आपटली कशी?

प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर आमच्या आवारातच उभं होतं. दीवानजींनी उमेदीच्या काळात ठाण्याची जीप चालवलेली. ते जप्त गाडीपाशी उकिडवे बसले आणि पुढच्या डाव्या टायरच्या आतल्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला. टायर बाहेरून बरा होता, आतून मात्र पार गुळगुळीत झाला होता. “साहब, ये एक दिन का काम नहीं है. चक्का महीनों से टेढ़ा चल रहा था.”

चाक बाहेरच्या बाजूला कलंडून पडलं होतं. खालच्या दांड्याला चाक जिथे जोडलेलं असतं तिथे एक गोळा वाटीत बसवलेला असतो. मिस्त्री त्याला बॉल जॉइंट म्हणतात. गोळा वाटीतून निखळला होता. वरचं रबर फाटलेलं, आत ग्रीसऐवजी वाळलेला चिखल आणि गंज. ताज्या ओरखड्याची चमक फक्त एका कडेला होती. पुढे आरटीओच्या निरीक्षकांनीही अहवालात हेच नमूद केलं.

मिस्त्री शोधायला वेळ लागला नाही. अशा जुन्या मॉडेलला हात लावणारे आता कितीसे उरलेत? चौकशीला बोलावलं तेव्हा तो घाबरलेला होता, पण बोलला सरळ. तीन महिन्यांपूर्वी ड्रायव्हरने दुसऱ्या एकाकडून शॉकॲब्सॉर्बर बदलून घेतले होते. आवाज आठवडाभर दबला. मग पुन्हा ‘खट् खट्’ सुरू झाली आणि वाढतच गेली, तेव्हा अपघाताच्या आदल्या दिवशी तो याच्याकडे आला. याने चाक जॅकवर उचललं, खाली पहार घातली आणि हलवून दाखवलं.

“चक्का हाथ में झूल रहा था, साहब. हम बोले, गाड़ी यहीं छोड़ दो, पार्ट बाहर से आएगा, एक-दो दिन लगेगा. ऊ बोला, कल सुबह गुरुजी का मुहूर्त है, रुक नहीं सकते. लेकिन गुरुजी से कह देंगे, मना कर देंगे.”

त्याने फळीवरून एक खोका काढून माझ्यासमोर ठेवला. तेलकट कागदात गुंडाळलेला नवा बॉल जॉइंट. अपघाताच्या दिवशी दुपारी तो आला होता. आम्ही तो पंचांसमक्ष ताब्यात घेऊन मालखान्यात, म्हणजे ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत ठेवला.

आता सगळं एका गोष्टीवर अडलं होतं: ड्रायव्हरने सांगितलं होतं की नव्हतं? सांगितलं नसेल, तर दोष त्याच्या एकट्याच्या माथी. सांगूनही गाडी काढायला लावली असेल, तर प्रकरणाचा रंगच बदलत होता. मी गुरुजींना फोनवर विचारलं. ते म्हणाले, “मला कोणीही काही सांगितलेलं नाही.” आवाजात लपवाछपवी नव्हती. कोर्टाच्या परवानगीने कारागृहात जाऊन ड्रायव्हरला विचारलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, “अब बोले से का होई, साहब? माई तो चली गईं.” गुरुजींच्या पत्नीला तो माई म्हणायचा.

गुरुजींचा सविस्तर जबाब समोरासमोर घ्यायचा म्हणून मी एका सकाळी त्यांच्या घरी गेलो. दिवस मोजले नव्हते, ही माझी चूक. तो दहावा दिवस निघाला. मी गल्लीच्या वळणावर पोचलो तेव्हा गुरुजी हातात तबक घेऊन उंबऱ्याबाहेर पडत होते, घाटावर पिंड द्यायला. मी भान न राहून मागून हाक मारली, “गुरुजी, जरा थांबता का? एकच विचारायचं होतं.”

ते वळले नाहीत. डाव्या हातात तबक सांभाळत त्यांनी उजवा हात खांद्याच्या वर उचलला, पंजा उघडा, माझ्या दिशेने. आपल्याकडे निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत, टोकत नाहीत. ते मलाही ठाऊक होतं. मी ओशाळलो. पण त्या हाताकडे बघता बघता मला एक प्रश्न सुचला. तो तेव्हा विचारू नये हे कळत होतं, तरी माझ्या तोंडून निघून गेला. “गुरुजी, त्या सकाळीही असाच हात वर केला होतात का?”

हात तसाच राहिला. मग हळूहळू खाली आला. गुरुजी गल्लीतल्या पायरीवर बसले आणि तबक त्यांनी मांडीवर घेतलं.

“तो पिशव्या न्यायला वर आला होता,” ते म्हणाले. “आम्ही उंबऱ्यात होतो, कलश हिच्या हातात. तो म्हणाला, ‘गुरुजी, आज गाड़ी...’ मी हात केला. आमच्याकडे पाऊल बाहेर पडलं की नकाराचा शब्द नको, वडिलांपासूनचा नियम आहे. ही म्हणाली, ‘अहो, तो काही तरी सांगतोय, ऐकून तर घ्या.’ मी तिलाही हात केला.”

 मग त्यांनीच मला विचारलं, “साहेब, तो काय सांगत होता?”

ते माझ्याशी खोटं बोलले नव्हते. त्यांना खरोखरच कोणी काही सांगू शकलं नव्हतं. त्या दिवशी मी जबाब घेतला नाही. घाटापर्यंत त्यांच्या मागून चालत गेलो आणि विधी होईपर्यंत वरच्या पायऱ्यांवर थांबलो. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच ठाण्यात आले. जबाब देऊन झाल्यावर म्हणाले, “माझं नाव घाला त्यात.” मी घातलं. भरधाव चालवल्याचा आरोप टिकत नाही आणि गाडीचा मालकही जबाबदार आहे, असं मी आरोपपत्रात स्पष्ट लिहिलं. पुढे कोर्टाने दोघांनाही सौम्य वागवलं, आणि ड्रायव्हरचं लायसन्स राहिलं.

पण मला आठवतो तो जामिनाचा दिवस. ड्रायव्हरचा जामीनदार म्हणून गुरुजीच उभे राहिले. ‘गुरुजी आलेत’ म्हटल्यावर त्याला नाही म्हणता येईना. सुटून तो कोर्टाच्या व्हरांड्यात आला आणि त्यांच्या पायाशी वाकला. गुरुजींनी त्याला उठवलं.

“उस दिन तुम क्या कह रहे थे? पूरा कहो.”

ड्रायव्हरची नजर त्यांच्या उजव्या हाताकडे गेली. गुरुजींच्याही ते लक्षात आलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेऊन बांधले.

“यही, गुरुजी,” तो म्हणाला, “कि आज गाड़ी मत निकालिए. और निकालना ही हो, तो बाएँ का चक्का कच्चा है, माई को आगे मत बैठाइए.”

मागे बसलं की बाईंना मळमळायचं, म्हणून त्या नेहमी पुढे बसत. एवढं गुरुजी मला सांगू शकले आणि मग भिंतीकडे तोंड करून रडले. ड्रायव्हर त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा होता.

पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी चोर, खुनी, लबाड सगळे पाहिले. या प्रकरणात तसा एकही नव्हता, तरी एक बाई जिवानिशी गेली. गाडी महिनोन्‌महिने आवाज करून सांगत होती. मिस्त्रीने सांगितलं, आणि ड्रायव्हरनेही तोंड उघडलं होतं. गुरुजींना दोष देणं मला सोपं होतं, आणि काही दिवस मी तो मनातल्या मनात दिलाही. मग फाइल बंद करताना पहिल्या दिवसाचे कागद पुन्हा चाळले. ‘ऊ बाएँ का चक्का’ हे शब्द त्यात कुठेच नव्हते. ते मीच अडवले होते, आणि तोही हात वर करूनच. माझ्याकडे तर मुहूर्ताचंही कारण नव्हतं.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत जबाब घेताना मी दोन्ही हात टेबलाखाली ठेवत असे.