पाप कमी पडतंय

माझ्या बापाला दोन-अडीचशे माणसांसमोर गुडघ्यांवर बसवलं, तेव्हा माईक माझ्याच हातात होता. मी नुकतंच सांगितलं होतं की माझा बाप दारू प्यायचा. पिऊन आईला मारायचा, त्या मारानंच ती गेली. मांडव हळहळला. पाहुण्या बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. माझ्या बापानं उभ्या आयुष्यात दारूला बोट लावलेलं नव्हतं. आई काविळीनं गेली होती.

जालन्यातल्या एका ख्रिस्ती बोर्डिंगात मी तेव्हा नववीत होते. शहाऐंशी-सत्याऐंशीचं साल असावं. आम्ही मांग, कुंभार पिंपळगावजवळच्या एका खेड्यातले. बाप दोर वळायचा, केरसुण्या बांधायचा आणि बाजाराच्या दिवशी पिंपळगावला नेऊन विकायचा. मी पाचवीत असताना आम्ही बाप्तिस्मा घेतला. बापाला त्यातलं एकच कळलं होतं. या देवाच्या घरात आपली पोरगी आत बसते, शिकते. त्याला तेवढं बस होतं.

बोर्डिंगच्या पाळकांना आम्ही साहेब म्हणायचो. ते आजोबांपासून ख्रिस्ती. दरवर्षी मोठी सभा भरायची, मुंबईचे आणि परदेशचे पाहुणे यायचे, आणि बोर्डिंगमधली एक मुलगी साक्ष द्यायची. म्हणजे आधी आम्ही कसे होतो आणि प्रभूनं कसं तारलं, ते सगळ्यांसमोर सांगायचं. साहेबांच्या घरातलं कुणी कधी साक्षीला उभं राहिलेलं मी पाहिलं नाही. त्या वर्षी माझा नंबर लागला.

मी वहीत खरं ते लिहून नेलं. बापानं मेलेल्या भावाची दोन लेकरं सांभाळली. पाटलाची पोरगी आडात पडली, तेव्हा आपलाच दोर धरून खाली उतरला आणि तिला वर काढलं. वर आल्यावर आड बाटवला म्हणून शिव्या खाल्ल्या. असा माझा बाप, आणि त्याला प्रभू भेटला, असं मी लिहिलं होतं.

साहेब वाचून हसले.

"हे सगळं काढ. चांगल्या कामांनी कुणी तरत नसतं. तारण फुकट असतं, कृपेनं असतं."

"व्हय साहेब."

"मग ती कृपा दिसायला नको? पाप जितकं मोठं, तितकी कृपा मोठी. तुझ्या साक्षीत पाप कमी पडतंय."

आणि त्यांनी स्वतःच्या पेनानं माझ्या वहीत माझ्या बापाला दारू पाजली. पुढच्या दोन ओळींत आईला मारून टाकलं. मेट्रनबाईंनी आठवडाभर ते माझ्याकडून घोकून घेतलं. कुठे थांबायचं, कुठे रडायचं, तेसुद्धा.

मी का बोलले? नाही म्हटलं तर दहावीला ठेवणार नाहीत, ही भीती होती. पण आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सांगताना आजही मला स्वतःची किळस येते. मला माईक आवडला होता. अंगावर नवा ड्रेस होता, आणि एवढी माणसं माझ्याकडे बघत होती.

बाप येईल असं वाटलं नव्हतं. पण पोरगी भाषण करणार, असं कुणीतरी त्याला सांगितलं आणि तो सकाळच्या एसटीनं आला. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, काखेत मेट्रनबाईंसाठी दोन केरसुण्या. मांडवात मागे उभा राहून तो ऐकत होता, हसत होता. त्याला वाटलं असेल, पुस्तकातली एखादी गोष्ट सांगतेय. मग मी आमच्या गावाचं नाव घेतलं. त्याचं नाव घेतलं. त्याचं हसू गेलेलं मला दिसलं. तरी मी बोलत राहिले.

साहेबांनी त्याला ओळखलं. त्यांना घबाडच सापडलं.

"तो बाप इथंच आहे! या, पुढं या. गुडघे टेका. सांगा सगळ्यांना, मी दारुडा होतो."

बाप पुढे आला. माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "मी कवा पेलो गं, बाई?"

"लाजू नका," साहेब म्हणाले. "पोरीच्या शिक्षणाचा विचार करा."

बाप गुडघ्यांवर बसला. "व्हतो, साहेब. दारुडा व्हतो."

टाळ्या. एका पाहुण्यानं फोटो काढला. साहेबांनी मला खूण केली. शेवटचं वाक्य राहिलं होतं, आम्ही कृपेनं तरलो. ते माझ्या तोंडातून निघेना. खाली बापाची मान लवलेली होती.

मी म्हणाले, "महा बाप दारू पेत न्हाई. कधीच पेला न्हाई. मही माय काविळीनं मेली. हे मला साहेबांनी लिहून दिलं. तारण फुकट हाय ना? मंग मह्या बापाची इज्जत कामून घेता? साहेबांच्या बापाचं पाप सांगा की कुणीतरी!"

मेट्रनबाईंनी माईक हिसकावला आणि माझ्या कानाखाली वाजवली. पोरीत सैतान शिरलाय, असं साहेबांनी पाहुण्यांना सांगितलं. दिवस मावळायच्या आत माझी पेटी फाटकाबाहेर होती.

मला वाटलं होतं, बाप पाठीवर हात ठेवील. एसटीत तो म्हणाला, "कामून बोललीस? मी बसलो व्हतो ना. शिकली असतीस."

मी खरं बोलले ते गावात पोचलंच नाही. बापाची कबुली तेवढी पोचली. चुलतबहिणीची ठरलेली सोयरीक मोडली. पोरीला सांभाळणारा दारुडा आहे, त्यानं देवापुढं कबूल केलंय, असा मुलाकडून निरोप आला. तो मेला तेव्हाही गावाच्या लेखी दारुडाच होता. आणि ते खोटं आधी माझ्या तोंडून गेलं होतं. याची माफी मी त्याच्याकडे कधी मागितली नाही. आता मागू कुणाकडे?

मी बाहेरून परीक्षा दिल्या. शिक्षिका झाले. पुढे वीसेक वर्षांनी साहेब माझ्या दारात आले. काठी टेकत, थरथरत.

"आपण सगळे कृपेनंच तरलोय, बाई. जुनं विसर. मला माफ कर."

मी म्हटलं, "सभेत उभे राहा आणि माईकवर सांगा, की हिच्या बापानं कधी दारू घेतली नाही. ते खोटं मीच हिच्या वहीत लिहिलं होतं."

"आता काय उपयोग? देवानं सगळं पुसलंय."

"देवानं पुसलं असेल. मी पुसलेलं नाही."

ते उंबऱ्याबाहेर उभे होते. मी या म्हटलं नाही. पाणी विचारलं नाही.

कृपा देवाची आहे. ती फुकट आहे, हे मी आजही मानते. त्यानं ती साहेबांना दिली तरी माझी तक्रार नाही. माझी माफी मात्र देवाच्या हातात नाही आणि ती फुकटही नाही. आधी सभा, माईक आणि माझ्या बापाचं नाव. ते होत नाही तोवर साहेब स्वर्गात गेले तरी माझ्या घरात यायचे नाहीत.